पंप बंद, मंत्र सुरू

पायाच्या खड्ड्याभोवती ही गर्दी! दोन मजले खोल तळाशी महाराज डोळे मिटून मांडी घालून बसले होते. काल त्याच जागी मुकादमाचा धाकटा मेहुणा बेशुद्ध पडला होता.

"भूमी भुकेली आहे!" उतरण्याआधीच महाराजांनी बजावलं होतं. "गोंगाटात मंत्र मरतो. तो पंप बंद करा. शिष्यांनो, चादरी हलवा!"

शिष्यांनी तासभर काठावरून चादरी हलवल्या, मग महाराज उतरले. बसले आणि हसतमुखाने वर आले. "भूक भागली. उतरा खुशाल."

सगळ्यांनी हात जोडले, मुकादमाने सर्वांत आधी. दोष जमिनीचा निघाला, आपला नाही, म्हणून त्याला हायसं वाटलं. पाणी उपसायला त्याने काठावरचा डिझेल पंप पुन्हा सुरू केला. "जा रे," तो मेहुण्याला म्हणाला, "घाबरतोस काय?"

मेहुणा शिडीच्या मध्यावर पोचतो तोच समोरच्या दवाखान्यातली डॉक्टर धावत आली. काल तिनेच त्याला शुद्धीवर आणलं होतं.

"आधी वर ये तू! आणि महाराज, आता पंप चालू असताना खाली बसून दाखवा."

"आज आमचं मौन आहे," महाराज मोठ्याने म्हणाले. कोणीतरी फिसकन हसलं.

"पंपाचा धूर खड्ड्यात साचतो," डॉक्टर म्हणाली. "त्यातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. पंप थांबला, चादरींनी वारा घातला, की खड्डा मोकळा. एवढाच मंत्र! हवा तपासायचं यंत्र कुठाय?"

ते मुकादमाच्या खिशातच होतं. मजूर त्या यंत्राला 'रडका' म्हणत. खड्ड्यात सोडलं की ते भोकाड पसरायचं आणि काम अडायचं. म्हणून परवा मुकादमाने त्याची बॅटरीच काढून टाकली होती. ती त्याने घाईघाईने बसवली. दोरीने खाली सोडताच यंत्राने खड्डा डोक्यावर घेतला. महाराज चपला शोधू लागले.

मुकादमाने धावत जाऊन पंप बंद केला.

"भाऊजी, काल हे यंत्र बंद होतं?" वर आलेल्या मेहुण्याने विचारलं.

"मीच बंद केलं होतं." शरमेने मुकादमाची मान वर होईना. तसाच तो मजुरांना म्हणाला, "हात जोडून हवा शुद्ध होत नाही रे. पंप लांब ठेवा, हवा मोजा, मगच उतरा. खाली असेपर्यंत मोजत राहा. न मोजता उतरा असं मी म्हणालो, तरी ऐकू नका."

मेहुण्याने हात पुढे केला. "यंत्र माझ्याकडे द्या. तुमच्याकडे नको."

मुकादमाने ते त्याच्या हातावर ठेवलं.