देवघराखालचा गाळा

बीडमधल्या त्या दवाखान्यांच्या गल्लीत रिकामा गाळा मिळणं म्हणजे ऐन सुगीत गडी मिळण्यासारखं. एखादं दुकान बंद होतंय अशी कुणकुण लागली की जुनी पाटी उतरायच्या आत नवा भाडेकरू ठरलेला असे. औषधवाले, सोनोग्राफीवाले, चष्मेवाले, सगळे टपून बसलेले. बबिताही त्यांतलीच एक.

बबिता शिरूर कासारची. बाप सटवा मेंढरं राखायचा, अजूनही राखतो. पोरगी शिकून लॅब टेक्निशियन झाली आणि रक्त काढण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी उरलं नाही. वाळून कोळ झालेल्या म्हातारीचीसुद्धा नस तिच्या बोटाला बरोबर लागायची. आता तिला स्वतःची लॅब टाकायची होती. रिपोर्टवर सही करायला पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर तयार झाले होते. जुना मायक्रोस्कोप घेऊन झाला होता, तो तिच्या खोलीत बापाच्या घोंगडीत गुंडाळून पडला होता. घोडं अडलं होतं ते जागेपाशी. तीही तळमजल्यावरच हवी, कारण उपाशीपोटी एसटीनं आलेलं माणूस जिना चढत नाही, समोर दिसेल त्या दारात शिरतं.

आणि नेमकी तशीच जागा रुद्राणीलाही हवी होती. दोघी एका वर्गातल्या, एकाच लॅबमध्ये नोकरीला, दुपारी एका डब्यात जेवणाऱ्या. पण रुद्राणीचे वडील गुरुलिंगअप्पा यांचं गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं आणि अर्ध्या गल्लीचे मालक त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांतले. आपण दारं ठोठावत फिरायचं आणि हिनं नुसतं आत जाऊन बसायचं, हे बबिताला सलत होतं. रुद्राणीला नस सापडत नाही, दोन-दोनदा टोचावं लागतं, हे आठवलं की तिला तेवढंच बरं वाटायचं. मत्सर म्हणतात तो हाच. त्याला गोड नाव देण्यात अर्थ नाही.

घरमालकीण नीलाबाईंच्या घराखालचा चष्मेवाल्याचा गाळा सुटतोय हे कळताच बबिता रजा टाकून त्यांच्याकडे गेली. म्हातारी नुकतीच पूजेवरून उठली होती. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. तिनं चहा दिला, आणि बबितानं तोंड उघडायच्या आतच कौतुक सुरू केलं. गुरुलिंगअप्पाच्या पोरीला कालच शब्द दिला म्हणे, ती लॅब टाकणार, लई गुणाची पोर.

'गुणाची' हा शब्द बबिताच्या जिव्हारी लागला.

"आजी, तुमचं देवघर कुठं हाय?" तिनं विचारलं.

"हे काय, हितंच. गाळ्याच्या वर."

"मग लॅबला जागा कावून देता? मी लॅबमंदीच कामाला हाय, मला ठावं हाय. तुमच्या देवाच्या बरोबर खाली रगताच्या अन् लघवीच्या बाटल्या ऱ्हातील. दिसभर."

नीलाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. बाटल्यांना घट्ट झाकणं असतात, रोजचा कचरा रोज गाडी घेऊन जाते, हे बबिताला पाठ होतं. ते तिनं सांगितलं नाही. जिना उतरताना तिला फार हलकं वाटलं.

तिचा बेत असा, की चार दिवस गाळा रिकामा पडू द्यायचा आणि मग स्वच्छतेच्या शपथा घेऊन आपणच मागायचा. शहाणीच म्हणायची. नीलाबाईंच्या पोटात तीळ भिजत नसे. सोमवारी महादेवाच्या देवळात त्यांनी गल्लीतल्या सगळ्या मालकिणींना सांगितलं, आणि कुणालाच ते काही बरं वाटेना. बबिता ज्या दारात जाई तिथं तिचंच वाक्य तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळे. बाटल्या, देव, दिवसभर. शेजारणीला अपशकुन करायला निघाली आणि स्वतःचंच नाक कापून बसली.

आणि तिकडे काय झालं? आपल्याच सोयऱ्यांनी दिलेला शब्द फिरवून पोरीला नाही म्हटलं, हे गुरुलिंगअप्पांच्या मनाला लागलं. तोवर स्वतःच्या दुकानातली वीतभर जागा द्यायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता त्यांनी गुळाच्या भेल्या अन् शेंगदाण्याची पोती एका अंगाला सारली, मधे भिंत घातली, पांढऱ्या फरश्या बसवल्या. कोपऱ्याची जागा, दोन्ही रस्त्यांना तोंड. नीलाबाईंच्या गाळ्याला त्याची सर नव्हती. एवढी जागा रुद्राणीला मिळाली ती बबिताच्या जिभेमुळं, आणि हे ठाऊक होतं एकट्या बबिताला. रुद्राणीच्या लॅबची पाटी लागली तशी ती रस्ता ओलांडून पलीकडनं जाऊ लागली.

रुद्राणी स्वतः तिच्या खोलीवर आली. "तू ये माझ्याकडं," म्हणाली. "रगत तू काढ. तुझ्यासारखा हात मला न्हाई, हे मलाबी कळतंय."

बबितानं हो म्हटलं. जळणाऱ्या माणसाला लांब राहून चैन पडत नाही. शिवाय एका गोष्टीत तरी ती रुद्राणीच्या वर होती, आणि ते रोज चार लोकांत दिसणार होतं.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी नीलाबाई साखर तपासायला आल्या. बबितानं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खोबणीवरून बोट फिरवलं. म्हातारी तिच्या तोंडाकडं निरखून बघत होती.

"तू तीच न्हवं का गं?" त्या म्हणाल्या. "त्या दिशी घरी येऊन मला देवघर इचारलंस, बाटल्यांचं सांगितलंस? अन् आता हितंच कामाला?"

बबिताचं बोट थांबलं. टेबलापाशी नळ्यांवर नावं लिहिणाऱ्या रुद्राणीचा हातही थांबला. बबितानं सुई टोचली. रक्त आलं नाही. सुई जरा मागे घेतली, पुन्हा सरकवली, तरी नाही. नीलाबाई कण्हल्या.

रुद्राणी उठून जवळ आली. आवाज चढवला नाही, तिच्याकडं बघितलंही नाही.

"सरक," ती म्हणाली.

बबिता सरकली. रुद्राणीनं नवी सुई घेतली, दुसऱ्या हाताला पट्टा बांधला, आणि पहिल्याच टोचणीत नळी भरू लागली.