कमरेला निळं पिस्तूल

चष्मेवाल्याच्या दुकानात चोरी झाली ती भरदुपारी, आणि बोंब झाली ती चोरीपेक्षा चष्मेवाल्याच्या पाहुणचाराचीच जास्त.

झालं असं, की जेवणानंतरच्या सुस्त वेळी तो काउंटरमागे एका काचेची कड घासत बसला होता. तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस आत शिरला आणि पिस्तूल रोखून म्हणाला, "गल्ला उघड." चष्मेवाल्याने दोन्ही हात वर केले. हात वर ठेवून गल्ला कसा उघडायचा हे त्याला कळेना, म्हणून तो तसाच खांबासारखा उभा राहिला. चोराचीही पंचाईत झाली होती. फडक्याआडून वर येणाऱ्या श्वासाने त्याचा चष्मा धुरकटला होता आणि समोरचं काही धड दिसत नव्हतं. तेव्हा चष्मेवाल्याचा उजवा हात मालकाला न विचारताच खाली आला, त्याने काउंटरवरचं मऊ पुसणं उचललं आणि चोरापुढे धरलं. चोराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, "थँक्यू" म्हणाला आणि गल्ला साफ करून चालता झाला. पुसणंही घेऊन गेला.

जबाब देताना एवढा तपशील गाळला असता तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण याला मेलं खरं बोलायची खोड. लिहून घेणाऱ्या पोलिसाने पेन खाली ठेवलं आणि शेजारच्याला हाक मारली, "अरे, इकडे ये जरा, हे ऐक." संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला कळलं. समोरचा केशकर्तनालयवाला दारात येऊन विचारून गेला, "साहेब, माझ्याकडे चोर आला तर त्याची दाढी करून देऊ का हो?"

बायकोने आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, मग रडून घेतलं, आणि जेवताना घास तोंडात असतानाच तिला हसू फुटलं. "पुसणं दिलंत? खरंच?" तोही हसला. हसण्यासारखंच होतं ते. पण दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना त्याच्या लक्षात आलं, की आपण मनातल्या मनात ती चोरी पुन्हा घडवून आणतोय, आणि या खेपेला आपल्या हातात पिस्तूल आहे. चोर थरथर कापतोय आणि आपण खर्जातल्या आवाजात एक वाक्य टाकतोय. ते वाक्य काही केल्या जमेना. "खबरदार" जुनाट वाटत होतं. "चुकीच्या दुकानात आलास" बरं होतं, पण त्यावर चोर बरोबर दुकानाचा पत्ता विचारेल असं वाटायचं. आठवडाभर त्याने पिस्तुलापेक्षा त्या वाक्यावरच जास्त मेहनत घेतली.

त्यात मेहुणा येऊन बसला. फरशांचा व्यापारी, कमरेला कायम पिस्तूल, खिशात परवाना. "भावोजी, आता लायसन्स काढाच. कमरेला असलं ना, की माणसाची चालच बदलते."

मेहुण्याची चाल बदलली होती खरी. चष्मेवाला आजवर ते मेहुण्याच्या सुटलेल्या पोटाच्या खाती टाकत होता.

"तुमच्याच्याने डास मारवत नाही," बायको म्हणाली.

"डास पिस्तूल घेऊन येत नाहीत."

"घरात पोरगी आहे."

"कुलपात ठेवीन."

"आणि चोराला काय सांगाल? थांब बाबा, किल्ली सापडत नाहीये?"

यावर मेहुणाही हसला, आणि त्या हसण्यानेच चष्मेवाल्याचा निर्धार पक्का झाला. परवान्याच्या अर्जाआधी प्रशिक्षण सक्तीचं होतं. त्याने नाव नोंदवलं.

शिकवणाऱ्या बाई पोलिसांतून निवृत्त झालेल्या होत्या. बारीक अंगाच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "कशाला हवंय?" सगळे म्हणाले, कुटुंबाच्या रक्षणासाठी. तोही तेच म्हणाला. समोरच्या केशकर्तनालयवाल्याने हसणं थांबवावं म्हणून हवंय, असं चारचौघांत सांगणार तरी कसं? नेमबाजीत त्याची पहिली गोळी शेजारच्या माणसाच्या कागदावर लागली. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढून पोट भरणाऱ्याने गोळी झाडताना स्वतःचे डोळे गच्च मिटले होते. पण हळूहळू जमू लागलं. एका सकाळी काळ्या वर्तुळात ओळीने भोकं पडली आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो कागद त्याने घडी पडणार नाही असा घरी नेला. बायकोने त्यावर कांदे चिरले.

शेवटच्या तासाला बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक निळं प्लास्टिकचं पिस्तूल ठेवलं, आत वजन भरलेलं. "अर्ज करायच्या आधी आठवडाभर हे कपड्यांच्या आत लावून जगा. कुणाला दाखवायचं नाही, बाहेर काढायचं नाही. नुसतं वागवायचं. मग ठरवा."

चष्मेवाल्याने ते स्वेटरखाली लावलं, आणि हाल सुरू झाले. गिऱ्हाइकाच्या कानामागची काडी बघायला वाकलं, की पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसायची. पँट एका बाजूने खाली ओढली जायची आणि तो बोलता बोलता ती वर ओढायचा. दुकानात चोहीकडे आरसे. जिकडे वळावं तिकडे एक पोट पुढे आलेला, वाकडा उभा राहिलेला गृहस्थ, कमरेला गाठ आल्यासारखा. "कंबर धरलीय का?" असं तिघांनी विचारलं. पण याहून वेगळंच एक झालं होतं आणि ते त्याला उशिरा कळलं. इतकी वर्षं माणूस दारातून आला, की त्याचं लक्ष आधी नाकाकडे जायचं. नाक बसकं की धारदार, फ्रेम कुठे टेकेल. आता त्याचं लक्ष हातांकडे जाऊ लागलं. एका वृद्ध शिक्षिकेने पर्समधून रुमाल काढला, तर हा खुर्चीतून अर्धा उठला.

आणि मग एक तरुण आला. दुपारच्याच वेळी, टोपी कपाळावर ओढलेली, धापा टाकत. आत येऊन त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि उजवा हात जॅकेटच्या आत घातला.

पुढचं सगळं चष्मेवाल्याच्या हातानेच केलं, याही वेळी मालकाला न विचारता. स्वेटर वर गेला, पिस्तूल लोकरीत अडकलं, हिसडा बसला, आणि ते बाहेर येऊन त्या तरुणाच्या छातीवर रोखलं गेलं. इतके दिवस घोटलेलं वाक्य आठवलं नाही. तोंडातून नुसतं "ए, ए, ए" एवढंच निघालं.

तरुणाने दोन्ही हात वर केले. एका हातात बायकी चष्मा होता, एक काच तडकलेली, काडी लोंबकळणारी. त्याच्या मागच्या आरशात चष्मेवाल्याला स्वतःचं तोंड दिसलं. असले डोळे त्याने फडकं बांधलेल्या चोराचेही पाहिले नव्हते. चोर निदान थँक्यू म्हणाला होता.

"हे खोटं आहे," चष्मेवाला म्हणाला. "निळं आहे बघ. प्लास्टिकचं. खोटं आहे रे." त्याने ते काउंटरवर टाकलं, ते घसरत खाली पडलं.

तरुण तपासणीच्या खुर्चीत कोसळल्यासारखा बसला.

"पोलिसांत जा, माझी तक्रार कर," चष्मेवाला म्हणाला. "मी येतो बरोबर. जसं झालं तसं सांगतो."

"आधी चष्मा करा," तरुण म्हणाला. "आई जिन्यावरून पडलीय. लागलं नाही फार. पण चष्म्याशिवाय तिला काही दिसत नाही, घरात एकटी बसलीय."

चष्मेवाल्याने काडीचा स्क्रू हातात घेतला. तो दोनदा बोटांतून निसटून हरवला. तिसऱ्यांदा तरुणानेच जमिनीवरून शोधून दिला, पण हातात न देता काउंटरवर ठेवला. तडकलेली काच तात्पुरती तशीच राहू दिली, नवी चार दिवसांत देतो म्हणून सांगितलं. तरुण चष्मा घेऊन पळत गेला. पोलिसांत तो गेला नाही. का, ते चष्मेवाल्याला कधी कळलं नाही.

संध्याकाळी तो बाईंकडे निळं पिस्तूल परत द्यायला गेला आणि सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"खरं असतं तर?"

"मी सेफ्टीचा खटकाच काढायला विसरलो असतो," तो म्हणाला. विनोद करायची सवय जाता जात नव्हती.

"आणि विसरला नसतात तर?"

बाईंनी पिस्तूल कपाटात ठेवलं आणि त्याला पाणी दिलं.

त्याने अर्ज केला नाही. मेहुणा म्हणाला, "घाबरलात, भावोजी." तो "हो" म्हणाला. मेहुण्याने पुढचं बरंच काही ठरवून आणलं होतं, ते त्याला तसंच परत न्यावं लागलं. बायकोला मात्र त्याने त्या तरुणाचं सांगितलं तेव्हा ती हसली नाही. ती उठून त्याच्या बाजूला येऊन बसली.

चार दिवसांनी तरुण आईला घेऊन आला. आई ठेंगणी, बोलकी. ती सरळ आत शिरून आरशांकडे कौतुकाने बघू लागली. मुलगा मात्र उंबरठ्यापाशीच थांबला.

"ये ना रे आत," आई म्हणाली.

"बरं आहे इथेच."

"ऊन लागतंय तुला."

तो हलला नाही. चष्मेवाल्याने नवी काच बसवलेला चष्मा डबीतून काढला, बसायचं छोटं स्टूल एका हातात घेतलं आणि म्हणाला, "मावशी, चला बाहेरच बसू. नजर उजेडात चांगली बघता येते."

म्हातारीला त्यात काही वावगं वाटलं नाही. फूटपाथवर स्टुलावर ती ऐसपैस बसली. केशकर्तनालयवाला कात्री हातात धरून बघत राहिला. चष्मेवाला गुडघ्यांवर बसला, आणि तिच्या कानामागची काडी थोडी वाकवून, थोडी सैल करून, पुन्हा बसवून बघू लागला. नाक बसकं होतं, फ्रेम घसरत होती. मुलगा दोन पावलं अंतरावर उभा राहून त्याच्या हातांकडे बघत होता.