कमांडर मतं मागायला गेला

बेळगावजवळच्या काकतीचे ज्योतिबा अण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, गावात ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि पडले. त्याच वर्षी ते अफगाणिस्तानात गेले. तिथं एका भारतीय कंपनीचं रस्त्याचं काम चाललं होतं आणि मजुरांच्या तळाची राखण अण्णांकडं होती. तळाबाहेरचं खोरं मात्र दौलत मीरचं. त्याच्या हाताखाली चाळीस बंदूकवाले होते आणि सगळे त्याला कमांडर म्हणत.

दोन वर्षं दोघं रोज दुपारी तुतीच्या झाडाखाली बसत. दौलत टरबूज कापायचा, अण्णा चहा करायचे. बोलणं हिंदीत. अण्णा निवडणुकीत पडले होते हे ऐकून दौलत पोट धरून हसला होता. माणसानं दारोदार फिरून मागायचं आणि लोकांनी नाही म्हणायचं, हे त्याला खरंच वाटेना.

अण्णा परत आले, शेती बघू लागले. त्यांच्या बायकोला, मालुबाईंना, त्या झाडाच्या, त्या टरबुजांच्या गोष्टी पाठ झाल्या. संध्याकाळी ओसरीवर बसलं की अण्णांचं मन तिकडंच जायचं.

मग दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात दौलतचा व्हिडिओ कॉल आला. दाढी पांढरी झालेली. त्यानं बंदुका सरकारजमा केल्या होत्या आणि तो संसदेला उभा होता.

"ज्योती भाई, मतं मागतात कशी?" त्यानं विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

अण्णा फोन घेऊन ओसरीवर बसले. मग म्हणाले, "जो तुला भितोय, त्याच्या घरी आधी जा. संगं बंदूकवाला एकबी नको. मी आमच्या कल्लाप्पाच्या दारात गेलो न्हाय. बांधावरनं भांडण हुतं. त्याची अख्खी गल्ली माझ्या विरुद्ध गेली. आता जावं म्हटलं तर कल्लाप्पाच न्हाय राहिला."

दौलतला कुठं जायचं ते कळलं. खोऱ्यात एक म्हातारी होती. तिचा मुलगा दौलतच्या माणसांच्या गोळीनं गेला होता, हुकूम दौलतचाच होता. तो एकटा गेला. तिनं आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तो उंबऱ्याबाहेर मातीत बसून राहिला. ऊन कलल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "बंदूक नसली की तू किती लहान दिसतोस."

त्याच रात्री दौलतनं हे फोनवर अण्णांना सांगितलं. आता काय करू, असं त्यानं विचारलं.

"उद्या परत जा," अण्णा म्हणाले. "मताचं काढू नको."

तो गेला. पुढं महिनाभर जात राहिला. एक दिवस तिनं त्याला मुलाचं नाव घ्यायला लावलं. त्यानं घेतलं आणि माफी मागितली. तिनं माफ केलं नाही, पण चहा दिला.

निवडणुकीत दौलत पडला. त्याच्या जुन्या माणसांनीच पाठ फिरवली होती. बंदूक टाकलेला कमांडर त्यांना नको होता. म्हातारीच्या गावात मात्र त्याला सगळ्यात जास्त मतं पडली. हे सांगायला त्यानं मुद्दाम फोन केला. दोघं पडलेले उमेदवार तासभर हसत होते.

तीन वर्षांनी तिथलं सरकार गेलं आणि फोन लागेनासा झाला. अण्णा रोज बातम्या बघत. मालुबाई म्हणायच्या, "जेवा तरी, अवो." ते दोन घास खाऊन उठायचे.

गेल्या दिवाळीत अनोळखी नंबरवरून आवाज आला. दौलत इराणमधल्या एका गावात भाजीचा टेम्पो चालवत होता. नवे राज्यकर्ते त्याला शोधत होते; खोऱ्यातनं निघताना म्हातारीनं त्याच्या बायकोपोरांना चार दिवस घरात लपवून ठेवलं होतं.

अण्णांच्या डोळ्याला पाणी आलं. त्यांनी फोन मालुबाईंच्या हातात दिला. मालुबाईंनी मोडक्या हिंदीत पोरांची, जेवणाखाण्याची चौकशी केली आणि घरी यायचं बोलावणं दिलं.