यादीतली शेवटची वस्तू

"यात काय आहे, ते आधी सांगा," उस्मान म्हणाला.

शैलेंद्रने लांबट चामडी पेटी फॅनबेल्टच्या ढिगावर ठेवली. "बंदूक. मालकाच्या मुलाची, शिकारीची. दोन दिवस स्टोअरमध्ये राहू दे."

"लायसन?"

"मफी, नाही! म्हणून तर मालकाच्या रिफ्यातल्या घरून इथे आणली."

शहाण्णव साल होतं, आखातातल्या त्या छोट्या देशात दंगलींमुळे नाक्यानाक्यावर तपासणी चालू होती. उस्मानने भिंतीकडे बोट केलं. आवारात हत्यार सापडलं तर नोकरी जाईल, ही नोटीस मॅनेजर म्हणून शैलेंद्रनेच महिन्यापूर्वी लावली होती. खाली तुबलीतल्या त्या गॅरेजच्या अडतीस कामगारांच्या सह्या. पहिली उस्मानची, एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्याची.

"ती कामगारांसाठी आहे, उस्मानभाई."

"मग मी कोण? पोलीस आले तर किल्ली कोणाकडे, हेच विचारतील. चिठ्ठी द्या, ठेवतो."

"बंदुकीची चिठ्ठी?"

"माझ्याकडे नटसुद्धा चिठ्ठीशिवाय आत येत नाही."

"ऑगस्टमध्ये तुमचा व्हिसा संपतोय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. त्याचा आणि बायकोचा, खदिजाचा, दोन्ही पासपोर्ट शैलेंद्रच्याच कपाटात होते. तरी त्याने पेटी परत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी टायरांच्या मागे होती. दुसरी किल्ली फक्त मॅनेजरकडे असायची. टेबलावर टाइप केलेला राजीनामा.

"सही करा. खासगी कारण घातलंय, बरं दिसेल."

"राजीनामा मी देत नाही. काढायचं तर तुम्ही काढा. कायद्याने, लेखी, कारणासकट."

शैलेंद्रने चरफडत कागद ओढला. हुकूम मोडला, असं लिहिलं.

"कोणता हुकूम, तेही लिहा."

पेन थांबलं. कागद फाटला. अर्ध्या तासाने नवा आला: कामाची गरज उरली नाही, नोटिशीच्या महिन्याचा पगार देऊन आजपासून मुक्त. उस्मानने तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि नव्या माणसाला, वलीला, चार्ज द्यायला बसला.

दुपारपर्यंत सहाशे बारा वस्तू झाल्या. मग त्याने खाली लिहिलं: ६१३. बंदूक एक, चामडी पेटीत, लायसन नाही.

"चाचा, ये मैं नहीं लूँगा," म्हणत वली मागे सरला.

शैलेंद्र धावत आला. "खोडा ते!"

"वस्तू समोर असताना कसं खोडू?"

"अहो, घरी जा! खलास!"

"तुमच्या सहीशिवाय चार्ज सुटत नाही. नियम तुमचाच." उस्मानने स्टुलावर बसून खदिजाचा डबा उघडला. "घावणे आहेत. घेणार?"

तीन वाजता शैलेंद्रने पेटी स्वतःच उचलली, भर उन्हातून नेली आणि आपल्या गाडीच्या डिकीत आदळली. उस्मानने पट्टी धरून सहाशे तेराव्या ओळीवर रेघ मारली, पुढे 'शैलेंद्र साहेबांनी परत नेली' असं लिहिलं आणि त्याची सही घेतली. किल्ली खिळ्याला अडकवली. टेबल पुसलं.

फाटकापाशी तो थांबला. स्टोअर बंद केलं का, हे आठवत त्याचा हात खिशात गेला आणि किल्ली चाचपत राहिला.