बारदानासकट

सगळं सामान विमानात फुकट गेलं, तर वाल्मीकरावांचा फायदा किती होणार होता, तो हिशेब आधी मांडू. कुरियरचा खर्च वाचणार होता, हा पहिला फायदा. जादा वजनाचे पैसे पडणार नव्हते, हा दुसरा. तिसरा मात्र रुपयांत मांडता येत नाही. बंगळुरूला उतरल्यावर जावयाला ऐटीत सांगता येणार होतं, "आमच्या सामानात ग्रॅमचा फरक निघायचा नाय. मापाऱ्याचं घर हाय." मित्रांनो, या तिसऱ्या फायद्यापायी माणसं पहिले दोन घालवून बसतात, हे मी आयुष्यभर लटकल्या लटकल्या पाहत आलो आहे.

हो, लटकल्या लटकल्या. कारण मी ताणकाटा आहे. वर कडी, खाली हूक, मध्ये पितळी तबकडी आणि पोटात एक पोलादी स्प्रिंग. हुकाला ओझं अडकवलं की माझी स्प्रिंग ताणते आणि काटा खरं काय ते सांगतो. एका छोट्या कारखान्यात मला घडवलं. स्प्रिंग तापवली, तेलात बुडवली, पुन्हा तापवली. तेव्हा फार त्रास झाला. पण त्यामुळेच इतकी वर्षं ताणूनही मी पुन्हा शून्यावर येतो. माणसांना हे जमत नाही. एकदा ताणली की ताणलेलीच राहतात.

वाल्मीकराव लासलगावच्या बाजारात नवे मापारी झाले, तेव्हा त्यांनी मला विकत घेतलं. मापारी म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये उभा राहून माल मोजून देणारा माणूस. दोघांचाही त्याच्यावर डोळा असतो आणि दोघांनाही तो आपल्या बाजूला थोडा झुकावा असं वाटतं. वाल्मीकराव झुकले नाहीत. पोतं हुकाला लागलं की ते हात मागे बांधून उभे राहत. काटा थरथरून थांबेपर्यंत तोंडातून आकडा काढत नसत.

"वाल्मीक, जरा उरक की," धनराजशेठ नावाचे एक व्यापारी नेहमी घाई करायचे.

"शेठ, काटाच अजून बोलंना, मी कसा बोलू?"

असं कुणी आपल्याबद्दल चारचौघांत बोललं, की लोखंडालाही बरं वाटतं.

तिथलाच एक रिवाज तुम्हांला सांगायला हवा. कांदा पोत्यात भरून येई, म्हणून वजन पोत्यासकट व्हायचं आणि मग रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून कापायचं. त्या रिकाम्या पोत्याला बारदान म्हणतात. व्यापारी पैसे कांद्याचे देतो, पोत्याचे नाही. "बारदान वजा!" ही आरोळी वाल्मीकरावांनी इतक्या वेळा दिली, की ती त्यांच्या हाडात मुरली. घरी पहिल्या नातवाला झोळीत घालून माझ्या हुकाला अडकवलं, तेव्हासुद्धा आकडा सांगून झाल्यावर ते म्हणाले, "यातनं झोळी वजा."

पुढे ट्रॅक्टर मालासकट थेट भुईकाट्यावर चढू लागले. पोती गेली, आणि पोत्यांबरोबर मीही गेलो. दाराआड एका खिळ्यावर टांगून राहिलो. कुंभारमाशीनं माझ्या हुकात मातीचं घर बांधलं. ती निदान भाड्याच्या बदल्यात गुणगुणायची तरी. घरातल्या माणसांपैकी कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

आणि मग ललिता बाळंत झाली.

ललिता ही वाल्मीकरावांची लेक. बंगळुरूला असते. दुसऱ्या खेपेला माहेरी येणं जमलं नाही आणि बाळंतपणात तिची तब्येत बरीच उतरली. फोनवर तिनं आईला एवढंच सांगितलं, "आई, बाकी काही आणू नको. तुझ्या हातचे डिंकाचे लाडू तेवढे आण. इथलं काही घशाखाली उतरत नाही."

सगुणाबाईंनी फोन ठेवला आणि लगेच डिंक तळायला घेतला. लाडवांचा डबा झाला, मग घरचं तूप, नागलीचं पीठ, बाळंतशेपा, बाळाची झबली-टोपडी असं सामान वाढत गेलं. दोघा नवरा-बायकोची ओझरहून विमानाची तिकिटं निघाली. सगुणाबाईंनी स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून चाकांच्या दोन बॅगा आणल्या, चांगल्या जाडजूड. सून पूजा मोबाईलवर तिकीट वाचू लागली.

"मामा, मोठ्या बॅगेत माणशी पंधरा किलो. हातातल्या पिशवीत सात. पिशवीत तूप चालणार नाही, ते मोठ्या बॅगेत टाका."

"दोघांचं तीस. काढा तो काटा," वाल्मीकराव म्हणाले.

कुंभारमाशीचं घर फुटलं आणि मी कित्येक वर्षांनी उजेडात आलो. वाल्मीकरावांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं, शून्य तपासलं. खरं सांगतो, स्प्रिंगमध्ये शिरशिरी आली. दोन्ही बॅगा त्यांनी आधी रिकाम्या तोलल्या. प्रत्येकी तीन किलो. मग भरून तोलल्या. प्रत्येकी अठरा. हात मागे बांधून काटा थांबेपर्यंत ते उभे राहिले आणि बोलले, "बारदान वजा, पंधरा. पंधरा दुणे तीस."

पूजा थबकली. "मामा, विमानवाले बॅग धरून मोजतात."

"बारदान कुणी धरतं का गं?"

"तिथं धरतात. इथं लिहिलंय, बॅगेसकट. जादा वजन लागणार असलं तर आत्ताच घेऊ, आधी घेतलेलं स्वस्त पडतं. काउंटरवर महाग."

"म्हणजे वजन व्हायच्या आधीच दंड भरायचा? पूजा, माझं आयुष्य मापात गेलं. तू मला बारदान शिकवती?"

पूजानं मोबाईल बंद केला. ती हरली, असं मला तेव्हा वाटलं. परतीच्या वेळीही वजन करता यावं म्हणून वाल्मीकरावांनी मला त्यांच्या बॅगेत कोंबलं आणि चेन ओढली.

मुलगा शेखर द्राक्षांच्या गाड्यांवर गेला होता, म्हणून ओझरला पूजानंच गाडी नेली. विमानतळाच्या आत फक्त प्रवाशांना सोडतात. ती दाराशीच थांबली.

मी बॅगेच्या अंधारात होतो, पण कान उघडे होते. काउंटरवरच्या मुलीनं सगुणाबाईंची बॅग पट्ट्यावर घेतली. "अठरा." मग आमची बॅग. "एकोणीस. काका, एकूण सदतीस झालं. तीस चालतं. सात किलो जादा आहे."

हातातल्या पिशव्यांत जागा नव्हती. कापडी पिशवीचं बारदान ते काय असणार, म्हणून तिथलं माप बरोबर निघालं होतं आणि सात सात किलो कधीच भरून झालं होतं. जादा वजनाला किलोमागे जो दर त्या मुलीनं सांगितला, त्यात त्या दिवसांत लासलगावला पोतंभर कांदा आला असता. म्हणजे सात पोती कांदा, आणि तोही नुसता हवेत.

पण वाल्मीकरावांना दर टोचलाच नाही. त्यांना टोचला आकडा. "एकोणीस? घरी अठरा भरली. तुमचा काटा किलोभर खातो, ताई." त्यांनी चेन सरकवून मला बाहेर काढलं, बॅग माझ्या हुकाला लावली आणि दोन्ही हातांनी उचलून धरली. मी थरथरलो, थांबलो.

"बघा! अठरा!"

रांगेत एकदम जान आली. "आजोबांचं बरोबर आहे," कुणीतरी म्हणालं. "आपण कुठं तपासतो? मुकाट पैसे भरतो." दुसरा तर मोबाईल काढून चित्रण करू लागला. काउंटरवरची मुलगी गोरीमोरी झाली. मित्रांनो, इतक्या लोकांपुढे माझी तबकडी झळकत होती. मलाही वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात सगुणाबाई बोलल्या, अगदी हळू. "अहो, मघाशी तो काटा बॅगेत व्हता ना?"

"मग?"

"आता तुमच्या हातात हाय."

आधी रांग हसली, मग ती मुलगी हसली. वाल्मीकरावांनी बॅग पुन्हा पट्ट्यावर ठेवली. अठरा. तो उरलेला किलो मीच होतो. जगाचं वजन केलं, पण मला कधी कुणी तोललंच नव्हतं.

दुसरा कुणी असता तर तिथं आवाज चढवून भांडला असता. वाल्मीकराव मापारी होते. त्यांनी मुलीला हात जोडले. "ताई, तुमचा काटा खरा हाय. माझी चूक. पण अठरातली तीन किलो तर बॅगच हाय. बारदान वजा नाय का करत?"

"नाही काका. बॅगेसकट पंधरा. तिकिटावर आहे तसं."

"सून बोलली व्हती," ते पुटपुटले.

"पैसे भरता, की सहा किलो काढता? हा डबा काढला तरी बसेल." तिनं उघड्या चेनीतून दिसणाऱ्या लाडवांच्या डब्याकडे बोट दाखवलं. चांगल्या मनानंच दाखवलं.

सगुणाबाईंनी डब्यावर हात ठेवला. "माझी लुगडी काढा, काय वाटंल ते काढा. डब्याला हात लावायचा नाय. पोरीनं तेवढंच मागितलंय."

"पैसे भरतो की मी," वाल्मीकराव खिशाकडे हात नेत म्हणाले. "माप माझं चुकलंय."

"सहा पोती कांद्याचे पैसे? तेवढ्यात बाळाला पाळणा यील."

मुलीनं घड्याळ पाहिलं. काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ होता. वाल्मीकराव हात मागे बांधून उभे राहिले, काटा थांबायची वाट पाहताना राहत तसे. आणि मग म्हणाले, "ताई, बारदान धरता, हे कबूल. पण बारदान कसलं असावं, याचा काही नियम हाय का?"

"म्हणजे?"

"पोत्यातनं सामान घेता का?"

मुलीनं शेजारच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तोंड नीट बांधलेलं पाहिजे, आत फुटण्यासारखं नको, आणि फाटलं तर जबाबदारी तुमची.

बाहेर कुठं पोतं मिळतंय का बघायला वाल्मीकराव दाराकडे जवळजवळ पळाले. मी त्यांच्या हातातच होतो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. दारावरच्या जवानाला विनवून ते उंबऱ्यापर्यंत आले, तर समोर पूजा उभी. हातात दोन नव्या प्लॅस्टिकच्या गोण्या आणि सुतळीचं बंडल. कांद्याच्या घरच्या गाडीत दुसरं काय असणार?

"तू अजून गेली नाय?"

"तुम्ही बाहेर येणार हे माहीत होतं, मामा. सामान काढून द्यायला याल असं वाटलं. काढलेलं न्यायला गोण्या घेऊन उभी होते."

"काढायला नाय. भरायला!"

पूजाला क्षणभर कळलं नाही, मग कळलं आणि ती इतकी हसली की जवानही हसला. काढलेलं सामान घरी न्यावं कसं, याचा विचार सून करत होती. सासऱ्यानं त्याच गोणीत सगळंच नेलं. दोघांपैकी कुणाला जास्त मानावं, हे माझ्या तबकडीवर ठरत नाही.

आत फरशीवर बॅगा उलट्या झाल्या. तुपाची बरणी प्लॅस्टिकची होती, ती पिठाच्या पिशव्यांत रुतवली. लाडवांचा स्टीलचा डबा सगुणाबाईंनी लुगड्यांत गुंडाळून मधोमध बसवला. वाल्मीकरावांनी सुतळीनं तोंडं अशी आवळली की रांगेतले लोक बघत राहिले. चाळीस वर्षांचा हात होता तो. गोण्या पट्ट्यावर चढल्या. मुलीनं बेरीज केली. "तीस किलो दोनशे ग्रॅम. काका, दोनशे ग्रॅम मी सोडते."

"सोडू नका. माप ते माप." त्यांनी गाठ सोडली, स्वतःचा पानाचा डबा बाहेर काढला आणि पुन्हा गाठ मारली. "आता बघा."

"तीस. बरोब्बर!" मुलगी म्हणाली, आणि मागच्या माणसानं चक्क टाळ्या वाजवल्या.

रिकाम्या बॅगा, पानाचा डबा आणि मी, असा लवाजमा दाराशी पूजाच्या ताब्यात गेला आणि तिच्याबरोबर घरी आला. दुसऱ्या दिवशी ललिताचा फोन आला. पूजानं आवाज मोठा केला, त्यामुळे मलाही ऐकू आलं. ती तोंडात लाडू धरूनच बोलत होती. त्या बोबड्या बोलण्यातून एवढं कळलं की सगळं पोचलं, तूप सांडलं नाही, आणि रात्री तिनं दोन लाडू खाल्ले व बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

मित्रांनो, विमानानं जाणार असाल तर तिकीट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. हातातलं किती, मोठ्या बॅगेत किती, जादा लागलं तर आधी घेतलेलं काय भावानं पडतं, हे घरीच विचारा. वजन बॅगेसकट करा. आणि वाचून दाखवणारं माणूस घरात असेल, तर ते वयानं लहान आहे म्हणून त्याचं म्हणणं वजा करू नका. दाराआड टांगलेल्या माझ्यासारख्याला कधीतरी तेलाचा थेंब द्या, हीसुद्धा विनंती आहे. पूजानं परवा दिला.

आता शेवटचा हिशेब. विमान कंपनीला जादा छदाम मिळाला नाही. वाल्मीकरावांचं काहीच गेलं नाही, उलट गोण्यांची गोष्ट ते महिनाभर जावयाला रंगवून सांगत राहिले. ललिताला सगळं मिळालं. पूजाला फक्त फेरी पडली.

राहिल्या सगुणाबाई. फोन ठेवण्याआधी ललिता हसत म्हणाली होती, "वहिनी, विमानतळावर माझ्या सासूबाई आल्या होत्या न्यायला. आईनं त्यांना महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, नव्या चाकांच्या बॅगा घेतल्यात म्हणून. आणि आई आली ती डोक्यावर गोणी घेऊन! मी विचारलं, आई, लाज नाही वाटली? तर म्हणाली, वाटली की. पण डबा हलत नव्हता डोक्यावर."