सातवी नळी

माझ्या थोरल्या भावाला जग एकाच गोष्टीसाठी ओळखायचं: जंगल परत आलं होतं, हे त्याने दाखवलं. जग म्हणजे फार तर तीनशे माणसं, पण पुस्तकं लिहिणारी. चौदा हजार वर्षांपूर्वी पाऊस आटला, तळ्याकाठचं दाट जंगल मेलं, गवत माजलं, आणि मग हळूहळू आठशे वर्षांत झाडं पुन्हा उभी राहिली. पुढे ती कायमची गेली, पण एकदा परत आली होती.

त्याने दाखवलं म्हणजे मी मोजून दिलं. तळ्याच्या तळात नळ्या ठोकून काढलेला चिखल, थराथरांत अडकलेले त्या त्या काळच्या झाडांचे परागकण, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली मी. खालचा थर जुना, वरचा नवा. एवढं कळलं की आमचा धंदा कळला. तेवीस वर्षांत माझी मान वाकडी झाली. स्वभाव त्याआधीपासूनच होता.

एका सोमवारी सातव्या नळीच्या नव्या तारखा आल्या. पूर्वी अख्ख्या गाळातून दोनच तारखा काढता आल्या होत्या, त्याही दुसऱ्या नळ्यांतून. आता पानाच्या नखाएवढ्या तुकड्याचंही वय कळतं. नळीतला सगळ्यात वरचा तुकडा सगळ्यात जुना निघाला आणि सगळ्यात खालचा सगळ्यात नवा. मी अहवाल तीनदा वाचला आणि कपाळाला हात लावला. चिखल उलटा साचत नाही. नळी उलटी होती.

लाल टोपण वरच्या टोकाला, काळं खालच्या. तराफ्यावर दादा नळी उपसायचा आणि टोपणं मी लावायची. सातवी नळी वर आली तेव्हा दुपार टळली होती, पोटात कावळे ओरडत होते आणि मला डबा उघडायची घाई होती. एवढंच. ती नळी सुलटी धरली की जंगल परत येतच नाही. ते आठशे वर्षं एकेक झाड करत जात राहतं, आणि शेवटी नुसतं गवत उरतं.

दादा दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी नवी औषधं सुचवणं बंद केलं होतं. वहिनीने दारातच बजावलं, "वाकडंतिकडं काही सांगू नकोस हं त्यांना. काल जरा जेवलेत."

मीही न सांगायचं ठरवूनच गेले होते. पंख्याबद्दल बोलले, उशी सारखी केली, पाणी दिलं.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस, बारके?" दादा म्हणाला. "तारखा आल्या ना?"

मग सगळं सांगितलं. डब्याचंही. त्याने डोळे मिटले.

"म्हणजे आलंच नाही परत."

"नाही."

"किती पोरांना शिकवलं मी ते," तो म्हणाला आणि रडायला लागला. बाबा गेले तेव्हाही तो रडला नव्हता. माझं काळीज फाटलं, आणि त्याला हात लावायचीही मला लाज वाटली.

थोड्या वेळाने त्याने कागद घ्यायला लावला. त्याच्या नावाने दुरुस्तीचं पत्र, निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. "सातव्या नळीची टोपणं लावताना माझ्या हातून चूक झाली."

माझं पेन थांबलं. "दादा, हे खोटं आहे."

"लिही."

"आयुष्यात तू एक कण इकडचा तिकडे होऊ दिला नाहीस."

"म्हणून तर लोकांना खरं वाटेल. तुला अजून नऊ वर्षं त्याच टेबलावर बसायचंय. तुझ्या मोजणीवरचा भरवसा उडाला तर काय करशील? मी काय, चाललोच."

सही करायला त्याला फार वेळ लागला. ते पत्र मला फाडता आलं असतं. मी ते त्याच संध्याकाळी पाठवलं.

नवव्या दिवशी दादा गेला. शोकसभा तो शिकवायचा त्या विभागाच्याच सभागृहात महिनाभराने झाली, तोवर पत्र छापून आलं होतं. सगळे चांगलंच बोलले, फक्त जरा जपून बोलले. एकाने तर म्हटलं, मोठ्या माणसाच्याही हातून चूक होते, आणि ती कबूल करण्यातच मोठेपण असतं. वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून ऐकत होती.

सभा संपल्यावर ती उठली नाही. "घरातला गॅस तीन-तीनदा तपासणारा माणूस," ती म्हणाली. "एक टोपण धड लावता आलं नाही? तू होतीस ना गं तिथे. खरंच त्यांनीच लावलं होतं?"

"हो," मी म्हणाले.

तिने माझा हात घट्ट धरला. "तुझी इतक्या वर्षांची मेहनत मातीत घातली त्यांनी. रक्ताचं पाणी केलंस तू. त्यांना माफ कर गं, माझ्यासाठी तरी."

"केलं," मी म्हणाले.