आज केर नको

ईशानी दार आपटून गेली, आणि अबोली दारापर्यंतसुद्धा गेली नाही.

भांडण कशावरून? तर गाडीवरून. एकोणीस वर्षांची पोर, एडमंटनला युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला. ख्रिसमसला घरी आली, तर तिच्या लाडक्या बाबानं, म्हणजे देवेशनं, तिला सेकंडहँड गाडी घेऊन दिली. आता भर जानेवारीत कॅल्गरी ते एडमंटन तीन तासांचा हायवे, सकाळपासून रेडिओ बर्फ बर्फ म्हणून कोकलतोय, आणि ही बया म्हणते मी एकटी चालवत जाणार!

"बसगाड्या बंद पडल्यात का?" अबोली म्हणाली.

"मॉम, आय ॲम नाइन्टीन."

"एकोणीसच ना? नव्वद तर नाही झालीस?"

देवेशनं "अगं, नवे विंटर टायर घातलेत, काही होत नाही," एवढं म्हणून कोट चढवला आणि ट्रेन पकडून डाउनटाउनला ऑफिसात पळाला. नवरे काडी लावतात आणि विझवायला बायका ठेवतात. इथे तर विझवायचीही कोणाची इच्छा नव्हती. मायलेकी सारख्याच, खाण तशी माती. ईशानी चार्जर राहिला म्हणून बुटांसकट वर गेली, अबोली त्या बुटांवरून ओरडली, ईशानी जिन्यातूनच उलट ओरडली, आणि शेवटी अबोलीच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मनाविरुद्ध जातेस ना? मग मी दारात यायची नाही."

आणि नाहीच गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिनं पाहिलं. ड्राइव्हवेवर गाडी सुरू होती, काचेवरचा बर्फ झाडून झाला होता, तरी पोर निघत नव्हती. आत बसून घराच्या दाराकडे बघत होती. बघतेय हे अबोलीला दिसत होतं. पाय उचलायचा होता फक्त. पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? गाडी मागे आली, वळली आणि गेली. ओट्यावर स्टीलच्या वाटीत दही-साखर तशीच राहिली.

आता अबोली काही देवभोळी बाई नव्हे. नागपूरच्या विज्ञानाच्या मास्तरांची लेक, स्वतः पाणी तपासायच्या लॅबमध्ये आठवड्याचे चार दिवस नोकरी करणारी. मांजर आडवं गेलं तर ती मांजराला वाट देऊन पुढे जायची. दही तेवढं ठेवायची. दह्यात कसली आलीय अंधश्रद्धा, प्रोटीन असतं, म्हणायची. तर त्या वाटीकडे बघत ती उभी होती, तेवढ्यात दारात किल्ली फिरली. हलिना आली. मंगळवार होता हे अबोली साफ विसरून गेली होती.

हलिना घर साफ करायला यायची, एक मंगळवार सोडून एक. मूळची युक्रेनची, पंचावन्नच्या पुढची, खांद्यानं रुंद आणि बोलायला कंजूष. दोन वर्षांपूर्वी व्हॅक्यूम जिन्यावर चढवताना अबोलीची पाठ धरली, तेव्हा मृणालिनीनं नंबर दिला. मृणालिनी म्हणजे तीन घरं पलीकडची मैत्रीण, जगातल्या सगळ्या कामांसाठी तिच्याकडे एक नंबर असतो. "मी काय मेले आहे, माझं घर दुसऱ्यानं झाडायला?" असं अबोली आधी महिनाभर म्हणाली, मग पाठीनं ऐकलं नाही. सुरुवातीला हलिना यायच्या आदल्या दिवशी ही स्वतःच अर्धं घर आवरून ठेवायची, आणि ती आली की आपल्याच घरात कुठे उभं राहावं ते कळायचं नाही. या खोलीतून त्या खोलीत नुसती भिरभिरायची. एकदा हलिनाच म्हणाली, "मिसेस अबोली, तू बस. तू बसलीस तर मी लवकर संपवेन." मनातल्या मनात अबोली तिला अहो हलिनाबाई म्हणायची. इंग्रजीत ती सोय नाही.

हलिनानं कोट खुंटीला अडकवला, दाराशी ईशानीच्या बुटांचे ओले ठसे होते त्यांना वळसा घातला आणि नेहमीसारखी थेट वर गेली. तिचं काम वरून खाली उतरायचं आणि दाराशी संपायचं. वर व्हॅक्यूम सुरू झाला. आवाज ईशानीच्या खोलीतून होता.

तो आवाज ऐकला आणि अबोलीला आई आठवली. नागपूरच्या घरात आईचा एक नेम होता: माणूस प्रवासाला निघालं की पोचल्याची खबर येईपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही. माणूस निघाल्या निघाल्या घर झाडतात ते एकदाच, ते माणूस परत यायचं नसतं तेव्हा. कॉलेजात असताना अबोली आईला चिडवायला मुद्दाम केरसुणी घेऊन अंगणात उभी राहायची. आज तीच पोर, स्वतः आई झालेली, दुखऱ्या पाठीची, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली आणि भिंतीतला प्लग उपटून हातात घेऊन उभी राहिली.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली. "आवाज नको."

"बरं. मॉपनं पुसते. मॉपला आवाज नाही."

"मॉपही नको."

"मग धूळ?"

"धूळ पुसा. वरवरची. जमिनीवरचं काही नको. आणि खाली दाराशी तर हातच लावू नका."

खरं कारण सांगायला तोंड उघडेना. सांगायचं म्हणजे ते शब्द उच्चारायचे, आणि आजच्या दिवशी ते उच्चारण्याची तिची छाती नव्हती. हलिनानं तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या प्लगकडे पाहिलं आणि फडकं उचललं.

अबोली खाली आली. बसली, उठली. खिडकीशी गेली, तिथून फ्रिजशी, फ्रिज उघडून बंद केला. बाहेर बर्फ आडवा उडत होता. फोन करावा तर पोर चालवता चालवता उचलणार. न करावा तर जीव राहत नाही. शेवटी केलाच. घंटासुद्धा वाजली नाही, सरळ व्हॉइसमेल. देवेशला केला.

"अगं, तास-दीड तास तर झालाय. पोचली की करेल. मीटिंगमध्ये आहे मी."

"तू कायम मीटिंगमध्येच राहा," म्हणून तिनं फोन आदळला. रेडिओ लावला. रेडिओवाला तरी बरा, निदान काहीतरी सांगत होता. आणि त्यानं सांगितलंच: हायवे टूवर, म्हणजे एडमंटनच्याच रस्त्यावर, रेड डीअरच्या आसपास गाड्या एकमेकींवर आदळल्यात, तपशील थोड्या वेळात. मन चिंती ते वैरी न चिंती. दार आपटल्याचा आवाज, काचेआडून दाराकडे बघणारा तो चेहरा, सगळं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत राहिलं. चार पावलं होती गं ओट्यापासून दारापर्यंत! चार पावलं टाकली असती तर काय पाय झिजले असते?

मागून हलिनाचा हात आला आणि ओट्यावरची दह्याची वाटी सिंककडे निघाली.

"ठेवा ती!"

अबोली इतक्या जोरात ओरडली की वाटी हिंदकळली. हलिनानं ती जागच्या जागी ठेवली. एकेक करून रबरी हातमोजे काढले. मग खिशातून या घराची किल्ली काढून वाटीशेजारी ठेवली.

"काच," ती म्हणाली.

"कसली काच?"

"मागच्या वेळी माझ्या हातून बाऊल फुटला. मी लपवला नाही, तुकडे तुझ्यासमोर ठेवले. तू हसून इट्स ओके म्हणालीस. आणि आज मला काही करू देत नाहीस. मी नको असेन तर तोंडावर सांग. वय झालंय माझं, पण ऐकू येतं."

झालं! एक पोर रुसून गेली, आता ही दुसरी. अबोलीला रडूच फुटलं. बाऊलचं कोणाला पडलंय हो, ती म्हणाली, आणि मग इंग्रजीत ते सगळं सांगायला लागली जे इंग्रजीत कधी सांगितलंच नव्हतं. मुलगी निघाली. भांडून निघाली. मी दारात गेले नाही. आमच्याकडे माणूस निघाल्यावर लगेच घर झाडत नाहीत, पोचल्याचं कळेपर्यंत. कारण लगेच झाडतात ते फक्त...

"शवपेटी घराबाहेर गेल्यावर," हलिना म्हणाली.

अबोली तिच्याकडे बघतच राहिली.

"आमच्या गावातही तसंच," हलिना चिडून म्हणाली. "एवढंच होतं? मग सकाळी सांगायला काय झालं? डोकं दुखतंय म्हणे! तिचे बूट दाराशी दिसले नाहीत, मला वाटलं पोरगी मॉलमध्ये गेली असेल. मी प्लगला हात तरी लावला असता का?" ती खुर्ची ओढून बसली. अबोलीनं तिला या घरात बसलेलं आजवर कधी पाहिलं नव्हतं. "या देशात लोक विमानतळावरून फोन करतात, हलिना, आम्ही निघालो, ये आणि घर साफ कर. काय करणार? पोट आहे, करते. पण दाराजवळचं शेवटी करते. हळूहळू करते. तोवर माणूस निदान अर्ध्या वाटेवर जातं."

"आणि तुमच्या घरी?"

"माझा मुलगा फोर्ट मॅकमरेला गेला कामाला. गाढव फोन करायचाच विसरला. आठवडाभर मी झाडू उचलला नाही. वरचा घरमालक खाली बेसमेंटमध्ये विचारायला आला, वास कसला येतोय."

अबोली हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली. हलिनाला काहीतरी आठवलं. तिनं एप्रनच्या खिशातून एक वायर काढली. "हे जिन्यावर पडलं होतं."

ईशानीचा चार्जर. बुटांसकट वर जाऊन आणलेला, आणि भांडणाच्या नादात तिथेच टाकलेला. म्हणजे फोन मेलेला. म्हणजे पोर बरी असली तरी फोन येणार नाही, आणि बरी नसली तरी येणार नाही. रेडिओवाला पुन्हा अपघाताचं बोलायला लागला. हलिनानं उठून रेडिओ बंद केला.

"तुम्हाला दुसऱ्या घरी जायचं असेल," अबोली म्हणाली. "पैशांची काळजी करू नका."

हलिनानं आपला फोन काढला आणि कोणाला तरी सांगितलं की बस बर्फात अडकलीय. ताप आला तरी सुट्टी न घेणारी बाई, धडधडीत खोटं बोलली. मग दोघी बसल्या. चहा केला, तो निवला. अबोली चार वेळा खिडकीशी जाऊन आली. पाचव्यांदा हलिनाही बरोबर गेली. बाहेर बर्फ थांबला होता आणि ऊन इतकं लख्ख पडलं होतं की डोळे उघडे ठेवता येईनात. दाराशी बुटांचे ठसे वाळून पांढरे झाले होते. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांबरोबर आत येतं आणि लाकूड खातं, एरवी हलिनानं ते क्षणभर राहू दिलं नसतं.

ड्राइव्हवेवर गाडी आली तेव्हा अबोलीला आधी वाटलं, पोलीस. दार हलिनानं उघडलं.

दारात ईशानी होती. नाक लाल, टोपी वाकडी, धडधाकट.

"फरगॉट माय चार्जर," ती म्हणाली. आईकडे न बघता.

"कुठून आलीस परत?" अबोलीच्या तोंडून कसंबसं निघालं.

"रेड डीअर."

"बाई गं! अर्ध्या वाटेवरून? आणि तो ॲक्सिडेंट?"

"रेड डीअरच्या पुढे, दुसऱ्या बाजूला होता. आय ॲम फाइन, मॉम. रोड इज फाइन."

"रेड डीअरच्या प्रत्येक गॅस स्टेशनवर चार्जर मिळतो," हलिना म्हणाली. कोणी तिला विचारलं नव्हतं.

ईशानी बुटाच्या टोकानं पायपुसणं उकरत राहिली. मग म्हणाली, "आय वेटेड. इन द कार."

"पाहिलं मी," अबोली म्हणाली. "खिडकीतून पाहत होते. तू थांबलीयस हे कळत होतं मला. तरी आले नाही. चुकलं माझं, बाळा."

पोरीनं उजव्या हाताचा ग्लोव्ह दातांनी ओढून काढला आणि तळवा आईसमोर धरला. बालवाडीच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक विमानाला धरला होता तसा, आणि दर वेळी डोळे फिरवून "मॉम, दिस इज सो सिली" म्हणत.

आज म्हणाली नाही. हात पुढे करून नुसती उभी राहिली.

अबोली धावत जाऊन वाटी घेऊन आली. "सकाळपासून बाहेर राहिलंय गं, आंबलं असेल."

"आय डोन्ट केअर."

घाईत निम्मं दही मनगटावर सांडलं. ईशानीनं ते चाटलं, आंबटपणानं एक डोळा मिटला आणि आईच्या गळ्यात हात टाकला, जाड जॅकेट, चिकट हात, सगळ्यासकट. उद्या जा, अबोली म्हणाली. उद्या सकाळी युनिव्हर्सिटीत लॅब आहे, ईशानी म्हणाली. भांडण पुन्हा सुरू व्हायच्या बेतात होतं, पण हलिनानं मध्येच चार्जर पोरीच्या हातात कोंबला आणि फोन गाडीतच लावायला बजावलं.

अबोली या वेळी दारात थांबली नाहीच. घरातल्या सपातांवर सगळा ड्राइव्हवे ओलांडून रस्त्याच्या कडेला बर्फात जाऊन उभी राहिली, आणि गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ हात हलवत राहिली. पाय बधिर झाले तेव्हा आत आली.

दाराशी आता बुटांचे ठसे दुप्पट झाले होते. हलिना भिंतीला चिकटून, एकाही ठशावर पाय न देता स्वयंपाकघरात गेली होती. व्हॅक्यूमची वायर तिनं नीट गुंडाळून ठेवली होती. ओट्यावरची किल्ली तिच्या खिशात परत गेली होती.

"आता पुन्हा तीन तास," खुर्चीत बसत ती म्हणाली. "चहा गरम कर."